सदतिसावी ट्यूब

मी या सदराची जुनी वाचक आहे, आणि खरं सांगायचं तर वाचून हसणाऱ्यांपैकी. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला बंद खोलीतून पैंजण ऐकू येतात... मी चहा पिता पिता वाचायची आणि नवऱ्याला म्हणायची, "यांना सगळ्यांना आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगायला हवं." त्यामुळे आज मी स्वतः लिहायला बसल्यावर तो समोरच्या खुर्चीत बसून मजा बघतोय. बघू दे. जे झालं ते झालं — आणि त्यातला निम्मा भाग माझ्याबरोबर आणखी एका शुद्धीवरच्या माणसाने पाहिलाय.

मी मूळची परभणीची, पशुवैद्यकीची डिग्रीही तिथलीच. लग्न करून बेंगळुरूला आले, घर मल्लेश्वरमला. शहराच्या उत्तरेला जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवर काम करणारी एक संस्था आहे, तिथे मी सोळा वर्षं नोकरी करते. नाव विचारू नका, सांगायची परवानगी नाही. माझा विषय ब्रुसेलोसिस. या रोगात गाभण गाय शेवटच्या महिन्यांत गाभडते, वार पडत नाही, आणि कच्च्या दुधातून किंवा उघड्या हाताने वार काढताना तोच जंतू माणसातही शिरतो. गावोगावचे डॉक्टर गाईंच्या रक्तातलं सीरम ट्यूबमध्ये भरून, बर्फात घालून आमच्याकडे पाठवतात. सोबत यादी असते. यादीत नाव नसलेलं सॅम्पल तपासायचं नाही, सरळ नष्ट करायचं, असा नियम आहे.

हा नियम इतक्या वर्षांत एकाच माणसाने मोडला, आणि तो माझ्या हातून मोडून घेतला. गणोजी अण्णा. सॅम्पल उतरवून घेणं, लेबल लावणं, प्रयोगशाळेच्या मेंढ्या सांभाळणं ही त्यांची कामं. त्यांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेले. घरात मराठी, पण अशी मराठी की पहिले सहा महिने मला निम्मी कळायची नाही. राजाजीनगरात त्यांच्या गल्लीत कुणाची गाय आजारी पडली की लोक अण्णांना बोलवायचे. अण्णा गुपचूप तिचं सीरम आणायचे आणि माझ्या रॅकच्या शेवटच्या भोकात ठेवून द्यायचे. ना यादी, ना अर्ज.

"अण्णा, हे काय?"

"स्वल्प बघा की अक्का. गरीब मानूस हाय. एक थेंब तर लागतोय."

मी चिडचिड करत बघायची. रिपोर्ट तोंडी. त्यांची ट्यूबही ओळखू यायची. बाकी सगळीकडे प्लास्टिकच्या ट्यूब आणि छापील स्टिकर आले, तरी अण्णांची जुनी काचेची ट्यूब, वर रबरी बूच, आणि जखमेला लावतात त्या कापडी चिकटपट्टीवर पेन्सिलीने कन्नड आकड्यात नंबर. शाई बर्फाच्या पाण्यात पसरते, पेन्सिल पसरत नाही, हा त्यांचा शोध. दोन वर्षांपूर्वी ते रिटायर झाले आणि शेवटचं भोक रिकामं राहायला लागलं. मला चुकल्यासारखं व्हायचं, हे कबूल करते.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. गुरुवार होता. सकाळी छत्तीस सॅम्पल आली. मी आणि आमची टेक्निशियन रेणुका, दोघींनी मिळून खोका उघडला, यादीशी ताडून पाहिली, रॅकमध्ये लावली. छत्तीस. रजिस्टरमध्ये लिहून खाली दोघींच्या सह्या. एक वाजता खोलीला कुलूप लावून जेवायला गेलो. किल्ली माझ्या पर्समध्ये. पावणेदोनला परत आलो, मी कुलूप काढलं, रेणुका रॅक घ्यायला गेली आणि तिथेच थांबली.

"मॅडम, ये एक ज़्यादा है।"

रॅकच्या टोकाला, शेवटच्या भोकात काचेची ट्यूब. रबरी बूच. चिकटपट्टीवर पेन्सिलीने कन्नड आकड्यात सदतीस.

मला भीतीबिती काही वाटली नाही हो. मला राग आला! म्हटलं, अण्णा येऊन गेले, मला न भेटता. कुणाकडून तरी किल्ली मिळवली, ट्यूब ठेवली आणि पळाले, मी ओरडेन म्हणून. रेणुका नवीन, तिला हे काही माहीत नाही. तिने नियमाप्रमाणे ट्यूब उचलून कचऱ्याच्या लाल पिशवीवर धरलीसुद्धा होती. मी म्हटलं, "थांब, आण इकडे. ओळखीचं आहे."

आमची पहिली चाचणी अगदी सोपी असते. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर सीरमचा एक थेंब, शेजारी गुलाबी औषधाचा एक थेंब, काडीने ढवळायचं आणि चार मिनिटं हलवत राहायचं. रोग नसेल तर थेंब गुलाबीच राहतो. असेल तर दूध नासल्यासारखा फाटतो. त्या दिवशीचे छत्तीसही थेंब गुलाबी राहिले. सदतिसावा काडी फिरते न फिरते तोच फाटला. इतक्या मोठ्या गुठळ्या मी क्वचित पाहिल्यात. मी सवयीने कच्च्या वहीत 'गाय, ३७' लिहून पुढे चार अधिकची चिन्हं काढली आणि अण्णांच्या घरी फोन लावला. त्या गाईला वेगळं बांधा, तिचं दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका, हे आजच सांगायला हवं होतं. त्याआधी चार शब्द सुनवायचे होते ते वेगळंच.

फोन त्यांच्या बायकोने, शांताक्कांनी उचलला.

"अण्णा कुठायत? त्यांना म्हणावं गाय सापडली, पण चोरासारखं येऊन कशाला ठेवायची ट्यूब?"

"कुठली गाय, बाई?" शांताक्कांचा आवाज एकदम बारीक झाला. "त्यांस्नी दवाखान्यात घालून अकरा दिवस झाले की. उठून बसायला येत न्हाई. तुमास्नी कोन सांगितलं न्हाई?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी काय झालंय विचारलं. त्या सांगत गेल्या, आणि मी उभी होते ती स्टुलावर बसले. तीन महिने ताप. संध्याकाळी चढतो, अंथरूण भिजेल इतका घाम येतो, सकाळी उतरतो. मग पाठ धरली. टायफॉइडची औषधं झाली, आणखी कसलीकसली झाली. आता मणक्यात काहीतरी दिसतंय, टीबी असेल म्हणतात, उद्यापासून त्याचं औषध चालू करणार. दोन दिवसांपासून दमही लागतोय.

आता मला जे लिहायचंय ते लिहिताना लाज वाटते. दर महिन्याला मी गोपालकांच्या शिबिरात व्याख्यान देते. त्यात एक स्लाइड आहे: माणसांमधली लक्षणं. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, पाठदुखी. आणि या फोनच्या दोन-अडीच महिने आधी आठव्या क्रॉसवर, म्हणजे आमच्या बाजाराच्या गल्लीत, भाजी घेताना अण्णा मला भेटले होते. तेव्हा म्हणाले होते, "सांजचा ताप येतोय अक्का, घाम सुटतोय, पाठ लई दुखतीय." मी काय म्हणाले? "रिटायर झालात ना अण्णा, आता घरची कामं करायला लागतात, म्हणून दुखते पाठ!" ते हसले. मीही हसले आणि कोथिंबीर निवडत राहिले. शेतकऱ्यांना जे मी तोंडपाठ शिकवते, ते माझ्याच माणसाच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही! आम्ही सगळे जनावराकडे बघतो. जनावर धरून उभा असलेला माणूस आम्हाला दिसतच नाही.

"शांताक्का, अण्णांनी ताप यायच्या आधी कुठल्या गाईचं बाळंतपण केलं होतं का?"

"केलं की. मागल्या गल्लीत वासरू अडकलं हुतं. रात्रभर बसून काढलं. वासरू मेलेलंच आलं. वार बी ह्यांनीच हातानं काढली."

"हातमोजे?"

"घरात कुठले हातमोजे, बाई?"

मी रेणुकाला सगळं आवरायला सांगितलं आणि रिक्षा पकडली. राजाजीनगरातल्या त्या दवाखान्यापर्यंत ट्रॅफिकमध्ये रिक्षावाला तीनदा म्हणाला, "अर्जेंट माडबेडी मेडम," घाई करू नका. मी सरी सरी म्हणत होते आणि सीटच्या कडेवर बसून स्वतःला शिव्या घालत होते.

वॉर्डातली डॉक्टर तरुण मुलगी होती, दमलेली, पण ऐकून घेणारी. मी केसपेपर मागितला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'निवृत्त सरकारी कर्मचारी'. बस. बत्तीस वर्षं गाई-मेंढ्यांमध्ये काढलेला माणूस आहे, हे त्या कागदावरून कुणाला कसं कळणार? मी सगळं सांगितलं. ट्यूबचं सोडून. ती एकदम सरळ उभी राहिली, म्हणाली, "मॅडम, हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. मी आत्ता ब्लड पाठवते."

मग मी अण्णांजवळ गेले. गाल बसलेले, ओठ सुकलेले. ग्लानीत होते. शांताक्काही घरून येऊन पोचल्या होत्या; म्हणाल्या, सकाळपासून कुणाला ओळखलेलं नाही. मी नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला. मला रडू फुटलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "बघितलं काय, अक्का?"

"काय अण्णा?"

"रॅकच्या टोकाला ठेवलंय की..."

आणि परत डोळे मिटले.

शांताक्का माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं तापात बडबडतायत. मी मात्र खाटेची दांडी धरून ठेवली.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. ब्रुसेलोसिसच. टीबीची औषधं सुरूच केली नाहीत, योग्य औषधं सुरू झाली. हृदयाची तपासणी केली तेव्हा एका झडपेवर जंतूने घर करायला सुरुवात केलेली दिसली. "आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते," असं त्या डॉक्टर मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं. बरं व्हायला महिने लागले, पण अण्णा घरी आले. ती मागच्या गल्लीतली गायही आम्ही तपासली. रोग होताच.

आता उरलेलं. शुक्रवारी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले ती थेट फ्रिजकडे. मी निघाल्यावर रेणुकाने रॅक आत ठेवून फ्रिजला कुलूप लावलं होतं. रॅकमध्ये छत्तीस ट्यूब. शेवटचं भोक रिकामं. रेणुका शपथेवर सांगते की तिने सदतीस ठेवल्या. लाल पिशव्या आम्ही दोघींनी उलट्या करून पाहिल्या. कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यात एक ते पावणेदोनच्या दरम्यान दाराजवळ कुणी फिरकलेलं नाही. गेटवरच्या वहीत अण्णांचं नाव नाही, आणि असणार तरी कसं? तो माणूस खाटेवरून उठू शकत नव्हता. दवाखान्यातून कुणी आणून दिली म्हणावं, तर तिथे काचेच्या ट्यूब कुणी वापरत नाही, आणि त्या दिवसापर्यंत कुणाच्या मनात हा रोगच आला नव्हता. कच्च्या वहीत माझ्या अक्षरात 'गाय, ३७' आणि चार अधिकची चिन्हं अजून आहेत. 'गाय' मी नंतर खोडलं.

नवऱ्याची थिअरी अशी की मला आतून सगळं माहीत होतं, म्हणून मला ट्यूब दिसली. मी म्हटलं, बरं, मग रेणुकाला का दिसली? ती तर अण्णांना ओळखतही नव्हती. यावर तो चहा करायला उठला.

अण्णा हिंडूफिरू लागल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. दवाखान्यात मला काय म्हणाले ते त्यांना आठवत नाही. मला ओळखल्याचंही आठवत नाही.

"मी कुठं येनार वो अक्का," ते म्हणाले. "मला कूस बदलायला येत नव्हतं. एवढं खरं हाय, पडल्या पडल्या सारखं वाटायचं, कुनी तरी माझा बी एक थेंब बघावा."

शांताक्कांनी पदर तोंडाला लावला. मी तिथल्या तिथे माझ्या बॅगेतून कोरा अर्ज काढला. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं होतं, ते आमच्याकडे होत नाही, माणसांच्या लॅबमध्येच होतं, तरी काढला आणि त्यांच्यासमोर भरला. नाव, वय, पत्ता. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, 'गुरं सांभाळली, बत्तीस वर्षं'. अण्णांनी कन्नडमध्ये सही केली.

ती ट्यूब कुठून आली आणि कुठे गेली, मला माहीत नाही. सीरमचा थेंब फाटला म्हणजे त्यात रोग असतो, एवढंच मला ठाऊक आहे, आणि त्या दुपारी थेंब फाटला होता. वाचकांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी आता हसणार नाही. ट्यूब गेली, अण्णा राहिले. मला एवढं पुरतं.