तीन अन्सेल्म

सेंट मेरीच्या उपसागराकाठी त्या गावात आडनावाला कुणी विचारत नाही. निम्मं गाव एकाच आडनावाचं. झेली म्हणजे ‘बाझिलच्या आर्मांची झेली’; आधी आजा, मग बाप, मग ती. तीस वर्षं मासे कापायच्या कारखान्यात हात गारठवून ती घरी बसली, तेव्हा धाकटा भाऊ युजेब म्हणाला, “ताई, ऑगस्टात सगळं कूळ जमणार. फ्रान्सहून जहाजानं आलेल्या मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंत नावं काढून दे. तक्ता मी लिहितो.”

मग रोज दुपारी ती पाद्रीबाबांच्या घरी जाऊन चर्चच्या जुन्या वह्या उघडू लागली. खिडकीशी समुद्रावरचं धुकं येऊन टेकायचं. फिकुटलेली तपकिरी अक्षरं लावता लावता तिला वाटायचं, माणसं ओल्या पायांनी खोलीत येतायत, बाकावर सरकून एकमेकांना जागा करून देतायत.

एका दुपारी पणजोबा सापडले. अन्सेल्म, आई मोदेस्त, बाप्तिस्मा १८२९. तिनं हसत नाव उतरवलं. चार पानं उलटली तर पुन्हा अन्सेल्म, तेच आईबाप, १८३१. आणि १८३४ ला तिसरा. तिनं मृत्यूंची वही ओढली. पहिला अकरा दिवसांचा गेला होता, दुसरा दोन वर्षांचा. पणजोबा म्हणजे तिसरा.

झेलीनं डोळे मिटून घेतले. कुठूनसा पाळण्याचा कुरकुर आवाज येत राहिला. पाळणा हलवणारी बाई मान वर करत नव्हती. पाद्रीबाबांनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

युजेब मात्र वैतागला. “त्या दोघांना कुठं बसवू? त्यांच्यापुढं वंशच नाही. तक्ता शाईनं लिहून झालाय, ताई!”

“मोदेस्तनं नऊ-नऊ महिने पोटात वागवली ती पोरं. तुला दोन ओळी जड झाल्या होय रे?”

“मोदेस्त येणार आहे का बघायला?”

“मी येणार आहे ना!”

दोन दिवस तो तक्त्याकडं फिरकलाही नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप कागदाची पट्टी चिकटवून त्यानं दोन्ही नावं लिहिली. पट्टी जरा तिरकीच बसली.

ऑगस्टात सभागृहभर किसलेला बटाटा घालून भाजलेल्या रापीचा वास दरवळत होता. चौऱ्याण्णव वर्षांच्या ओबेलिनआत्याला दिसत नव्हतं, म्हणून झेली तक्त्यावर बोट फिरवत नावं वाचून दाखवत होती.

“थांब. अन्सेल्म किती म्हणालीस?”

“तीन, आत्या.”

म्हातारीनं काठी मांडीवर आडवी घेतली. “आमचे बाबा सांगायचे, त्यांची आजी, हीच मोदेस्त, आपल्या लेकाला कधी नावानं हाकच मारायची नाही. म्हातारा झाला तरी ‘ए पोरा’ म्हणायची. आम्हाला वाटायचं, बाई तुसडी असेल.”

मागे तक्ता बघायच्या रांगेत कुणी खाकरलं. झेलीचं बोट पट्टीवरून हललं नाही. युजेबनं खुर्ची ओढली आणि आत्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

“आत्या, तुझे बाबा अजून काय सांगायचे गं?”