अंगठ्याशेजारचं बोट

तिसऱ्या मंगळवारीही कुट्टिमाळूअम्मा तेच म्हणाली, "नको गं पुस्तक. डोळे दुखतात."

डोळे दुखतात म्हणे! गेल्या ओणमला मोतीबिंदू काढल्यापासून ही बाई ओसरीत बसल्या बसल्या पलीकडच्या कुंपणावरचं मांजर कुणाच्या घरचं ते सांगत होती. विलासिनीला ते ठाऊक होतं. पण बोलायला तोंड होतं कुठे?

"आर्द्राला तरी देऊ का दोन?" तिनं विचारलं.

"तिलाही नको. सुट्टीत पोरीनं घरातली चार कामं शिकावी."

दारामागे उभ्या असलेल्या नातीचं तोंड एवढंसं झालं. सुट्टी लागल्यापासून त्या अकरा वर्षांच्या पोरीनं एकवीस पुस्तकं फस्त केली होती. गावात तिच्या पुढे कुणी नव्हतं. आजीला "अच्चम्मा, एकच" असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि आजीच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. विलासिनीनं दोन्ही पिशव्या खांद्यावर टाकल्या आणि पायऱ्या उतरली. आपल्या पापाची शिक्षा त्या पोरीला का, असं तिला म्हणावंसं वाटत होतं. ते तिनं फाटकापर्यंत तोंडात धरलं आणि गिळून टाकलं.

विलासिनी चेरुकुन्नमच्या वाचनालयाची फिरती बाई. ज्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना वाचनालयापर्यंत यायला जमत नाही, त्यांच्या घरी पुस्तकं पोचवायची आणि जुनी परत आणायची, हे तिचं काम. बावीस वर्षं झाली. मंगळवारी टेकडीकडची घरं, शुक्रवारी नदीकडची. एप्रिल-मे आला की पोरांची सुट्टी, मग पिशव्या एकाच्या दोन. नुसती पुस्तकं देऊन बाई हलायची नाही. तांदूळ निवडत बसलेल्या सुनेपाशी बसायची, चहा घ्यायची आणि "पुढे काय झालं मग?" असं विचारत घराच्या गोष्टी ऐकत राहायची. लोकही सांगायचे. इतक्या लोकांनी इतकं सांगितलं होतं, पण एकाचं दुसऱ्याकडे कधी गेलं नाही. तिच्या पिशवीइतकाच लोकांचा तिच्या पोटावर विश्वास होता.

दर सुट्टीत वाचनालयाचा एक हस्तलिखित अंक निघायचा. नाव 'कण्णिमांगा', म्हणजे लोणच्याला घालतात ती कोवळी कैरी. अंकाची प्रत एकच. प्रत्येक घराला एक पान. त्यावर घरात खरोखर घडलेली एक गोष्ट घरातल्याच कुणीतरी स्वतःच्या हातानं लिहायची. माणसांची नावं बदलली तर चालतील, पण घडलेलं बदलायचं नाही, हा नियम. विशू सण झाला की त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या अंगणात फणसाखाली अख्खं गाव बसायचं. लहान पोरं, जावई, आज्या, सगळी. मोठ्या पातेल्यात चहा आणि पिकल्या केळ्याची भजी. मग एकेकानं उठून आपलं पान वाचायचं. एका वर्षी शंकुण्णी पोस्टमननं सासुरवाडीच्या विहिरीत पडलेली पितळी कढई काढायला जाऊन स्वतःच कसं आत पडलो ते वाचलं, तेव्हा त्याची सासू इतकी हसली की तिच्या तोंडातलं भजं समोरच्याच्या सदऱ्यावर. वर्षभर त्या सदऱ्याची चर्चा चालली. ती संध्याकाळ संपली की अंक विलासिनीच्या पिशवीतून घरोघर फिरायचा.

सगळ्या गावाचं पान भरायचं, विलासिनीचं मात्र दरवर्षी कोरं. वाचनालयाचे चिटणीस दिवाकरन मास्तर यंदा सगळ्यांसमोर म्हणाले, "ही बघा आमची विलासिनी. दुनियेच्या गोष्टी गोळा करते आणि स्वतःचं विचारलं की मुकी होते. तुझ्या आयुष्यात काही घडलंच नाही का गं?"

लागलं ते तिला. आणि लागलं म्हणून ती त्याच रात्री लिहायला बसली.

तिनं लिहिलं ते खरंच तिचं स्वतःचं होतं. पाचवीत असताना ती शेजारच्या एका बाईची पत्रं वाचून दाखवायची. बाई वीस वर्षांची, अक्षरओळख नाही. नवरा दूर भिलाईला एका खाणावळीत स्वयंपाकी. महिन्याला एक निळं पत्र यायचं आणि त्यात असायचं काय? कुंपण घालून घे. विहीर उपसून घे. गाय आटली असेल तर विकून टाक. आईला नमस्कार. संपलं पत्र! समोर ती बाई पदराला हात पुसत, श्वास धरून बसलेली असायची. दहा वर्षांच्या पोरीला ते बघवलं नाही. मग ती आपल्याच मनानं वाचायला लागली. 'इथे पाऊस आला की तू अंगणातली भांडी कशी धावत उचलतेस ते आठवतं.' 'तुझ्या हातच्या माशाच्या कालवणाची सर इथल्या कशालाच नाही.' बाई हसायची, लाजायची आणि पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची.

पानावर तिनं बाईचं नाव बदललं, गाव बदललं, भिलाईचं दुसरंच काहीतरी केलं. गोष्ट खुसखुशीत झाली होती. रविवारी वाचली तेव्हा अंगण हसून लोळलं. गाय आटली असेल तर विकून टाक, या वाक्याला तर टाळ्या पडल्या. मास्तर म्हणाले, "एवढी वर्षं कुठे लपवली होतीस ही?"

आणि विलासिनी खुलली. देवा, किती खुलली! टाळ्या थांबेपर्यंत तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. बघितलं तेव्हा तिसऱ्या रांगेतली कुट्टिमाळूअम्मा उठून चालायला लागली होती. मागोमाग तिचा मुलगा बाळन, सून, आर्द्रा. विलासिनी लहानपणी कुणाच्या शेजारी राहायची हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नाव बदलून काय उपयोग? बाळनच्या हातात भज्याचा द्रोण तसाच होता. फाटकापाशी त्यानं तो भिंतीवर ठेवला आणि मागे वळून बघितलं नाही.

त्या दिवसापासून विलासिनी स्वतःलाच विचारत होती. आपली गोष्ट, आपली गोष्ट म्हणून लिहिली. त्यातलं आपलं होतं किती आणि दुसरीचं किती, याचा विचार आधी का नाही केला? बावीस वर्षं पोटात ठेवलं आणि चार टाळ्यांसाठी ओतलं. या वयात म्हातारीचं गावासमोर नवऱ्याच्या नावानं हसं केलं. स्वतःला तिनं बोलायचं ते सगळं बोलून घेतलं.

चौथ्या मंगळवारी जायच्या आधी तिनं फिरता अंक परत मागवून घेतला. शिवण सुटली आहे, असं खोटं सांगितलं. स्वयंपाकघरात बसून ब्लेडनं स्वतःचं पान कापलं, घडी करून पोलक्यात ठेवलं आणि टेकडी चढली.

कुट्टिमाळूअम्मा ओसरीत फणसाच्या आठळ्या सोलत होती. विलासिनी पिशवी न उतरवताच समोर उभी राहिली आणि घडी पुढे केली.

"माळूअम्मा, हे फाडून टाकलंय मी. चूक झाली माझी. तुम्हाला इतक्या वर्षांनी असं... मी तुम्हाला फसवलं होतं आणि वर गावाला सांगितलं."

कुट्टिमाळूअम्मानं घडी घेतली नाही. "फाडलंस? शहाणीच आहेस! आता गाव म्हणेल, खरं होतं म्हणून फाडलं. चिकटव ते परत."

"तुम्हाला राग..."

"बस आधी. डोक्यावर उभी राहू नकोस."

विलासिनी बसली. म्हातारी आठळी सोलत राहिली.

"मला काय नवीन सांगितलंस तू?" ती म्हणाली. "साक्षरतेचे वर्ग आले गावात, तेव्हा मी शिकले की नाही वाचायला? चाळिशीच्या दारात असताना, कंदील घेऊन. पहिलं काय वाचलं असेल मी? ट्रंकेतली पत्रं काढली. एकूण एक वाचली. कुंपण, विहीर, गाय. वाचली आणि भाताच्या चुलीत घातली."

 बावीस वर्षं ही बाई तिच्याकडून दर मंगळवारी पुस्तकं घेत होती, चहा देत होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती.

"जाळली कशाला?"

"बाळन सतरा वर्षांचा होता तेव्हा. त्याच्या हाती लागली असती तर? बाप गेला तेव्हा तो सात वर्षांचा. बापाचं त्याच्याकडे होतं काय गं? एक लोखंडी ट्रंक आणि तू वाचलेली पत्रं. ट्रंक गंजली. पत्रं मी रोज सांगत राहिले. तुझे अच्छन असं लिहायचे, तुझे अच्छन तसं लिहायचे. तीच ऐकून पोर मोठं झालं. स्वतःच्या लेकीला झोपवताना तेच सांगतो." तिनं आठळीचं साल जरा जोरातच भिरकावलं. "माझं काही गेलं नाही विलासिनी. त्याचा बाप गेला त्या रविवारी. दुसऱ्यांदा."

विलासिनीनं मान खाली घातली. इतके दिवस ती चुकीच्या माणसापाशी अपराधी होत होती. म्हातारीची समजूत काढायची म्हणून आली होती आणि ज्याला खरं लुटलं होतं त्याचा तिच्या डोक्यात विचारही आला नव्हता.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. बाळन दुपारचा जेवायला आला. बेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, जीप चालवून चालवून उजवा हात कोळशासारखा झालेला. विलासिनीला बघून तो पायरीवरच थबकला. आत जाईल असं वाटलं, पण गेला नाही. चपला काढल्या आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"विलासिनीचेची, एक विचारायचं होतं."

"विचार."

"पावसातली भांडी वगैरे ठीक आहे. ते तुमचं. माशाचं कालवण तुमचं." त्यानं खांद्यावरचा टॉवेल ओढून सारखा केला. "मी जन्मलो तेव्हा एक पत्र आलं होतं. अम्मा सांगते ते. तुमच्या पानावर ते नव्हतं."

नव्हतं, कारण पानावर जागा संपली होती. एवढंच कारण. विलासिनीला ते पत्र लख्ख आठवत होतं. 'मुलगा झाल्याचे कळले. नाव बाळन ठेवा. पावसाआधी गोठा शाकारून घे.' तिच्या समोर तेव्हा पंधरा दिवसांचं बाळ टोपलीत पाय झाडत होतं. त्याच्या पायाकडे बघत तिनं पुढे वाचलं होतं, 'त्याच्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट माझ्यासारखं लांब आहे का? नीट बघून कळव.' आणि वीस वर्षांची कुट्टिमाळू बाळाचा पाय हातात धरून ओरडली होती, आहे की! बघ ना, आहे!

"ते बोटाचं," बाळन म्हणाला. आपल्याच अनवाणी पायाकडे बघत होता तो. "ते अच्छननी विचारलं होतं, की तेही तुम्हीच?"

कुट्टिमाळूअम्माची मान आठळ्यांवरच होती. तिचा हात मात्र थांबला होता.

पत्रं जळाली होती. विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. आयुष्यात एकदा खोटं वाचलं, एकदा खरं वाचलं, आणि दोन्ही वेळा याच घराचं वाटोळं केलं. आता कुठलं वाचू?  महिनाभर ती देवाची शपथ घेत होती की या घराशी पुन्हा खोटं बोलणार नाही.

"ते त्यांचं होतं, बाळन," ती म्हणाली. "बोटाचं त्यांनीच लिहिलं होतं. अगदी शेवटी, कोपऱ्यात जागा उरली होती तिथे. मला नीट आठवतंय."

बाळननं मान हलवली. दोनदा हलवली. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, चांगला वेळ लावून पुसलं, आणि आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "आर्द्रे, ए आर्द्रे! इकडे ये, पाय दाखव बघू तुझा."

"आत्ता? जेवताना?" पोरगी म्हणाली.

"दाखव म्हणतो ना."

विलासिनीनं पिशवी जवळ ओढली. उठावं की बसावं ते तिला कळेना. बरं केलं की आणखी एक पाप केलं, तेही कळेना. 

"खोटं वाचताना तुझा आवाज अजून तसाच बारीक होतो," कुट्टिमाळूअम्मा हळूच म्हणाली.

विलासिनी तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे... माळूअम्मा, तेव्हापासूनच?"

"मला वाचता येत नव्हतं गं. ऐकू तर येत होतं."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोलले असते तर तू थांबली असतीस." म्हातारीनं मांडीवरची सालं झटकली आणि पिशवीकडे बोट केलं. "आण इकडे ती. आर्द्राला दोन दे. मला एक, जरा जाडसं बघून दे."