दिग्रसचं मशीन पूजेत होतं

स्क्रीनवर एकेक सेंटर हिरवं होत गेलं आणि दिग्रस लालच राहिलं. म्हणजे तिथला कॉम्प्युटर बंद. फोनवर पुण्याहून कुलकर्णी सर, माझे बॉस.

"दिग्रसचं काय?"

"बघतो, सर."

"लवकर बघ. उद्या संध्याकाळी जुना सर्व्हर बंद करतोय आपण."

मी यवतमाळला एका कापूस खरेदी कंपनीत सिस्टम अ‍ॅडमिन होतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक सेंटरवर वजनकाट्याला जोडलेला एक कॉम्प्युटर असायचा. त्या सगळ्यांवर सॉफ्टवेअर आणि भाव एकसारखे ठेवायचं काम एक ऑटोमेशन टूल करायचं. सर्व्हरवर एकदा लिहायचं, मग प्रत्येक मशीनवर बसवलेला एजंट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, ते वाचून तसं करतो. टूल जुनं झालं होतं. सारखं अडायचं, आणि अडलं की मी एसटी पकडायचो. आता नवं व्हर्जन टाकत होतो. नवा सर्व्हर जुन्या एजंटला ओळखत नाही, म्हणून दोन्ही सर्व्हर थोडा वेळ सोबत चालवायचे आणि तेवढ्यात सगळे एजंट बदलून घ्यायचे. त्या वेळात मशीन चालू हवं, एवढीच अट.

नवा सर्व्हर पुण्यात होता. सरांनी आधीच सांगून टाकलं होतं, सगळी सेंटर त्यावर आली तर यवतमाळला माणूस लागणार नाही, मी पुण्याला यायचं. एक जरी राहिलं तर हा सीझन मी इथंच.

वैशाली, माझी बायको, मुकुटबनला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिला जिल्ह्याबाहेर बदली मिळणं अवघडच होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शनिवारी दुपारी ती यवतमाळला यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायची. ती गेली की एवढीशी खोलीही मोठी वाटायची. पुण्याहून तर शनिवारही गेला असता.

दिग्रसच्या ढोले भाऊंना फोन लावला. ते तिथले ऑपरेटर.

"भाऊ, मशीन बंद काहून आहे?"

"पूजेत मांडलं ना जी. काट्यालेही हार घातला. आज खंडेनवमी."

"पाच मिनिटं चालू करा फक्त."

"आता उद्या सीमोल्लंघन झाल्यावरच. पूजेतल्या वस्तूले हात नाही लावत मी."

नवमीचा दिवस मीच सुचवला होता. ऑफिस बंद, खरेदी बंद, कुणाचा अडथळा नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरी खंडेनवमी नाही. दसरा म्हणजे नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, एवढंच लहानपणापासून माहीत. लोक नवमीला अवजारांना विश्रांती देतात आणि आता कॉम्प्युटरही त्यातच धरतात, हे डोक्यातच आलं नाही. बाकीच्या सेंटरवाल्यांनी साहेबांचं काम म्हणून मशीन चालू ठेवली. ढोले भाऊ त्यातले नव्हते.

सीमोल्लंघनापर्यंत जुना सर्व्हर बंद होणार, म्हणजे दिग्रसला जाऊन एजंट हातानेच बदलावा लागणार. दसऱ्याच्या सुट्टीला यवतमाळला आलेल्या वैशालीला मी सगळं सांगितलं.

"राहू द्या ना मंग बंद," ती म्हणाली. "तुमी इथंच राहसान."

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी चालू होते. दिग्रसले नवे भाव जाणार नाही, काटा चालणार नाही."

"कापसाच्या गाड्या वापस जातीन?"

"जातीन."

शेतकरी कर्जात बुडालेल्या त्या वर्षांत सेंटरवरून गाडी परत जाणं म्हणजे मिळेल त्या भावात कुणाच्याही दारात कापूस उतरवणं. हे मी तिला सांगायची गरज नव्हती. शेवटी तीच म्हणाली,

"जा मंग दिग्रसले. मी जाईन बायांसंग नागपूरले."

लग्नानंतरचा आमचा पहिला दसरा होता तो. ती नागपूरला गेली आणि मी दिग्रसला. सेंटरवर सीपीयूला झेंडूचा हार, बटणावर कुंकू. ढोले भाऊंनी घरून माझ्यासाठी जेवण आणलं, पण मशीनचा विषय काढू दिला नाही. दुपारभर मी रिकाम्या काट्यापाशी बसून होतो. मशीन चालूच होऊ नये असं फार वाटत होतं. बिघडलं असतं तर माझा काहीच दोष नसता.

संध्याकाळी ढोले भाऊ सीमोल्लंघन करून आले. माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली, मशीनला हात जोडले आणि बटण दाबलं. मी एजंट हाताने बदलला. दिग्रस हिरवं झालं.

"व्हेरी गुड," सर म्हणाले. "दिवाळीनंतर पुण्याला जॉइन हो."

दुसऱ्या दिवशी दिग्रसला कापूस मोजला गेला. दिवाळीनंतर मी पुण्याला गेलो.

आपली गरज संपवणारं टूल बसवायला आपल्यालाच पाठवतात, आणि ते नीट बसवावं लागतं. ते चाललंही छान. सकाळी ऑफिसात आलो की मी आधी मुकुटबनचं सेंटर बघायचो. हिरवं असलं की गावात विजेची लाइन आहे, म्हणजे वैशालीचा मोबाइल चार्ज असणार, म्हणून फोन लावायचो. लाल असलं की चहा घेऊन ते हिरवं होण्याची वाट बघत स्क्रीनसमोर बसून राहायचो. एवढं एक काम कुठलंच व्हर्जन माझ्यासाठी करत नव्हतं.