आण्णांनी आणलेला कंप्युटर

घोडेगावच्या बाजारात दोन बोकड विकून आण्णा, म्हणजे माझे वडील, कंप्युटर घेऊन आले. मी तेव्हा पाचवीत होते. खोक्यावर चित्र होतं: चंदेरी कपडे घातलेली एक मुलगी, तिच्यामागं काचेच्या उंच इमारती, आणि इमारतींच्या मधून उडणाऱ्या मोटारी. विकणाऱ्यानं आण्णांना सांगितलं होतं की पुढचं सगळं जग यावरच चालणार. आण्णांची शाळा चौथीत सुटलेली. पुढचं जग खोक्यात मिळत असेल तर ते आपल्या पोरीसाठी का आणायचं नाही, असा त्यांचा सरळ हिशेब.

टीव्हीला वायर जोडली आणि अर्ध्या तासात मला कळलं, ही गेम आहे. कीबोर्ड दिसायला खरा, पण वरच्या खाचेत पिवळी कॅसेट घालायची, की पडद्यावर एक ठेंगणा शिपाई उड्या मारत खड्डे ओलांडायचा. अभ्यासाचं म्हणावं असं त्यात एकच होतं. वरून इंग्रजी अक्षरं पडायची, ती जमिनीला टेकायच्या आत त्या अक्षराचं बटण दाबायचं.

मी गप्प बसले. खेळ आहे म्हटलं असतं तर पुढच्या बाजारी तो परत गेला असता. आई विचारायची, "हे काय चाललंय गं?" मी म्हणायचे, "प्रोग्रॅम." इतकं सोपं खोटं मी नंतर कधी बोलले नाही.

खंडेनवमीला आण्णा तो कंप्युटर विळे, पेरणीची पाभर आणि फवारणीच्या पंपाच्या ओळीत मांडायचे. बटणाबटणावर हळद-कुंकू वाहायचे. एका वर्षी कुंकू आत सांडून तीन बटणं कायमची रुतली. ती अक्षरं पडायला लागली की मी नुसती बघत बसायचे.

टीव्हीवरच्या रविवारच्या कार्टूनमध्येही असंच पुढचं जग होतं, बटण दाबलं की जेवण पुढ्यात यायचं. आम्ही पोरं हसायचो, आणि पाण्याच्या टँकरचा हॉर्न ऐकला की हंडे घेऊन पळायचो. आज मी सुप्याच्या एमआयडीसीत इंजिनिअर आहे. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे मी लाजून सांगत नाही. आमच्या कारखान्यात रोबोटचा हात वेल्डिंग करतो. त्याच्याकडे बघून मला काहीच होत नाही. पण मोबाईलवर तसल्या एखाद्या जुन्या गेमचं टिंगटिंग वाजलं की आत हलतं. खोक्यावरच्या त्या शहरात आपल्याला जागा आहे, तिथं कुणी बापाचं शिक्षण विचारत नसणार, असं मला तेव्हा खरंच वाटायचं. पुढं विचारलं, बऱ्याच जणांनी.

गेल्या महिन्यात गावच्या शाळेत कंप्युटरची खोली झाली. गावातला पहिला कंप्युटर काचेच्या कपाटात ठेवायला द्या आणि उद्घाटनाला दोन शब्द बोला, असं हेडमास्तरांनी आण्णांना सांगितलं. आण्णांनी फोन करून मला हे कळवलं. शाळेतले मास्तर तरण्या वयाचे, त्यांनी तसल्या गेम खेळलेल्या. आण्णा माईकवर बोलत असताना मागं कुणीतरी फिसकन हसणार, हे मला दिसायला लागलं. रविवारी मी घरी गेले. आण्णा ओट्यावर बसून फडक्यानं कीबोर्ड पुसत होते.

"आण्णा, हा कंप्युटर नाही."

"मग काय रेडिओ हाय?"

"गेम आहे. टीव्हीवर खेळायची."

फडकं थांबलं. "तुला कवा कळलं?"

"आणला त्याच दिवशी."

"आन् इतकी वर्सं पूजा करू दिलीस."

आतून आई म्हणाली, "तरीच म्हनलं, प्रोग्रॅममधी मानूस उड्या कशाला मारतोय."

आण्णा हसले नाहीत. "मंग तू इंजनेर कशी झालीस?"

"अभ्यास करून. पण यात अक्षरं पडायची ना, त्यानं बोटं तयार झाली. कॉलेजात पहिल्या दिवशी बाकीच्या पोरी एकेक बटण शोधत होत्या. मी नाही शोधलं."

एवढंच खरं होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी वर काही जोडलं नाही.

त्यांनी फडक्याची घडी करून बाजूला ठेवली. मग त्यांनी फोन लावला.

"गुरुजी, पोरगी म्हनती त्यो कंप्युटर न्हाई, खेळ हाय. खेळ म्हनून चालत आसंल तर देतो. आन् पोरीनं मला फशिवलं, त्ये बी मी भाषणात सांगनार हाय. व्हय, व्हय. तिला बी आनतो. पुढचं तीच सांगंल."

फोन ठेवून ते गोठ्याकडं निघाले. मी म्हटलं, "आण्णा, उद्घाटनाच्या दिवशी माझी ड्युटी आहे."

"रजा टाक," ते म्हणाले. दिवसभरात माझ्याशी ते पुढं तेवढंच बोलले.