दोन दीर्घिका आणि एक फ्यूज

"बटण तुमचं असेल, आकाश तुमच्या तीर्थरूपांचं नाही!" गच्चीवर कोणी दिवा लावला की आमच्या मजल्यावरच्या बाई कडाडायच्या. तुमच्याही इमारतीत असं कोणी असेल, ज्याला 'विक्षिप्त' म्हणून सगळे मोकळे होतात.

बाई एका आयटी कंपनीत होत्या. पगार वाढले तशा बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, यांनी दुर्बीण घेतली. बिबवेवाडीतल्या आमच्या गच्चीवरून दिवाळीच्या सुमारास, अंधार पडला की दक्षिणेला दोन दीर्घिका दुर्बिणीत सापडायच्या. एकमेकींना ओढणाऱ्या, फार फार लांबच्या. बाईंना त्यांचा फोटो हवा होता, आणि त्याच वर्षी. समोर टॉवर उठत होता; पुढच्या दिवाळीपर्यंत तो दक्षिण झाकणार होता.

नेमकी तेव्हाच सोसायटीने गच्ची जाहिरातीच्या फलकाला दिली. फलकावर त्याच टॉवरमधले फ्लॅट, आणि त्यावर संध्याकाळपासून भगभगीत हॅलोजन.

"एक संध्याकाळ बंद ठेवा," बाईंनी सभेत सांगितलं.

"अहो, त्या दोन ठिपक्यांनी सोसायटीला काय मिळणार?" चेअरमन म्हणाले. लोक हसले.

"कोट्यवधी वर्षं चालत आलेला उजेड आहे तो! आणि तुम्ही त्याला आपल्या गच्चीवर अडवणार?" बाईंचा आवाज चिरकला. लोक पुन्हा हसले. मला अजूनही ते हसू आठवलं की डोकं तापतं.

दुसऱ्या दिवशी अंधार पडताच बाईंनी फलकाचा फ्यूज काढून पर्समध्ये टाकला. चेअरमन धापा टाकत जिना चढून दाराशी आले.

"पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा. पण तिकडे उभं राहून ओरडा, दुर्बिणीला धक्का लागेल."

मी गच्चीच्या दारात आडवा उभा राहिलो. फोटो निघाला. दोन फिकट भोवरे, मधे उजेडाचा एक धागा. तो बघताना बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

पेपरात फोटो आल्यावर पुढच्या सभेत हेच चेअरमन शाल आणि नारळ घेऊन हजर.

"शाल ठेवा तुम्हालाच. दिवे बंद करा," म्हणून बाई सभेतून उठून गेल्या. दिवे काही बंद झाले नाहीत.

टॉवर उभा राहिला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई गेल्या. सकाळी फाटकापाशी फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं होतं : 'सोसायटीचे नाव उज्ज्वल करणाऱ्या खगोलप्रेमी भगिनीस भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली चेअरमनचं नाव.

मी रुमाल ओला करून आणला आणि पुसायला लागलो.

"काका, चेअरमनसाहेब ओरडतील," वॉचमन म्हणाला.

"ओरडू दे," मी म्हणालो, आणि 'भगिनीस'वर जोर लावून घासत राहिलो.