कृष्णवेणीअक्कांचं आद्याक्षर

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या आमच्या ऑफिसात परदेशी प्रकाशकांची पुस्तकं टाइपसेट होतात. त्यांतल्या लघुरूपांची यादी कृष्णवेणीअक्का करतात. मी नाशिकहून आले तेव्हा वाटलं, यादीत काय मोठंसं! पण अक्कांचा प्रोग्रॅम त्यांच्याइतकाच कडक. पुस्तकात एकदाच आलेल्या लघुरूपाला तो यादीत घेत नाही, आणि आलं असेल तिथे त्याचं पूर्ण रूप छापतो. हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं, की माझे कान किटले.

अक्का तंजावरकडच्या मराठी. काही वर्षांपूर्वी नवरा सोडून त्या वडिलांकडे, अप्पाजींकडे, परत आल्या. त्यावर त्या बोलत नाहीत. बाकी सगळे बोलतात.

अप्पाजींना ऐंशी पुरी होणार म्हणून त्यांच्या धाकट्या भावानं, वादिराजकाकांनी, घराण्याची पुस्तिका लिहिली; नातवंडांना वाचता यावी म्हणून इंग्रजीत. इथे आडनावाची भानगड नाही. नावाआधी बापाच्या नावाचं पहिलं अक्षर, लग्नानंतर नवऱ्याच्या. त्या अक्षरांची यादी काकांना पुस्तिकेच्या सुरुवातीला हवी होती. मजकुरात त्यांनी लिहिलं होतं, ‘आर. कृष्णवेणी’. आर. म्हणजे रघु, तोच सोडलेला नवरा.

“काका, मला अप्पांचं ए. लावा,” अक्का फोनवर म्हणाल्या.

“लग्न झाल्या मुलीस बापाचं अक्षर नसतं, अम्मा. रीत आहे.”

“शरी,” बरं, एवढंच तमिळमध्ये म्हणून अक्कांनी फोन ठेवला. मला काकांपेक्षा त्या ‘शरी’चाच राग आला.

पुस्तिकेला त्यांनी ऑफिसचाच प्रोग्रॅम लावला. बाकी जावयांची अक्षरं त्यांच्या मुलांच्या नावांपुढे पुन्हा येत होती. अक्कांना मूल नाही. आर. एकदाच येणार आणि यादीतून गळणार, एवढंच त्यांनी मनात धरलं. मला ऐकवून ऐकवून दमवलेला उरलेला अर्धा नियम त्या स्वतःच विसरल्या.

रविवारी प्रूफ घेऊन मीही त्यांच्या घरी गेले. काका होतेच. अप्पाजी भिंग धरून वाचत होते. एका ओळीवर ते थांबले. तिथे पूर्ण छापलं होतं: ‘रघु कृष्णवेणी’.

अक्कांचा चेहरा पडला.

अप्पाजींनी पेन मागितलं. ‘रघु’वर काट मारली आणि वर स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण.

“अप्पा, ए. यादीत आहे,” अक्का पुटपुटल्या. “ते कितीदा तरी आलंय. इथे पूर्ण नाव नियमात बसत नाही.”

“बसव.”

“पण अण्णा, रीत...” काकांनी तोंड उघडलं.

“लेक माझ्या घरी आहे, वादिराज. नाव कुणाचं लावायचं ते मला कळतं.”

अक्का कॉफी करते म्हणून आत गेल्या. कॉफी काही बाहेर आली नाही. काकांनीही मागितली नाही.