दहा सेंटिमीटरचा डबा

परवा रंगाऱ्याने घासलेटने हात धुतले आणि त्या वासासरशी मला सेलूचं रेशन दुकान आठवलं. तेव्हा मी पाचवीत होते. दर महिन्याला पाच लिटर घासलेट मीच आणायची, पण महिना संपायच्या आतच घरचा स्टोव्ह कोरडा पडायचा. आई म्हणायची, "वाटेत सांडून राह्यली तू, नाईतर कोणाले देऊन राह्यली." मला मात्र दुकानदाराच्या मापाचा संशय होता, त्याचा तळ तो कधी दिसू देत नसे. त्याच सुमारास गुरुजींनी वर्गात पत्र्याचा चौकोनी डबा दाखवला. लांबी, रुंदी, उंची दहा-दहा सेंटिमीटर, आत बरोबर एक लिटर मावतं. तो मी मागून घेतला आणि दुकानात पुढे केला. "काका, आधी यात एक लिटर ओता." "काऊन वं, माह्या मापावर शक हाय तुले?" म्हणत त्याने ओतलं. मी पट्टी बुडवली. तेल आठ सेंटिमीटरवरच थांबलं होतं. "दहा गुणिले दहा गुणिले आठ. आठशेच मिलिलिटर झालं," मी म्हणाले. "तुहा डबाच खोटा हाय!" तो ओरडला. रांगेतली मागची बाई म्हणाली, "मंग मोज न डबा, पट्टी हाय पोरीजवळ." त्याने पट्टीला हात न लावता डबा काठोकाठ भरला. घरी सगळं सांगितलं, तर आई स्टोव्हमध्ये घासलेट भरायला लागली. पुढच्या महिन्यात मात्र ती माझ्यासोबत रांगेत उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मोज तू. तुह्यावर भरोसा हाय मले." माझ्यावरचा संशय तिने तेवढ्या शब्दांत मागे घेतला होता, हे मला आता स्वतःच्या मुलीवर उगाच ओरडून झाल्यावर 'चुकलं माझं' म्हणणं जड जातं, तेव्हा कळतं.